केरूने अडवलेले बोल्ट

केरू हट्टी होता. आणि मला हट्टी माणसांचा मनस्वी राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

आखातात, उम्म अल कुवैनच्या एका नेमबाजी क्लबात तो रायफली साफ करायचा आणि मी ऑफिस सांभाळायचो. नळीतून काढलेली प्रत्येक चिंधी तो उन्हात मांडून निरखत बसे. रत्नागिरीकडे त्याचं घर तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून जगलेलं. कुठल्या भांड्यात ताक कळकेल, हे तो लहानपणापासून नजरेने सांगायचा.

२००२ साली क्लबने बिनशिशाच्या, अख्ख्या तांब्याच्या गोळ्या मागवल्या. काडतुसं मुश्ताक भरायचा. पहिल्याच सरावानंतर केरूच्या चिंध्या निळ्या-हिरव्या निघाल्या.

"नळीत तांबं बसतंय, अरुणभाऊ. ते घासून निघेल. पण हे बघा." त्याच्या तळहातावर उडालेलं काडतूस होतं, बुडाची टोपी पार चपटी झालेली. "बोल्ट, म्हणजे मागची खिट्टीपण हिसके देऊन उघडावी लागली. आत दाब जास्त होतोय."

मुश्ताक उखडला. "गोली का वजन वही, बारूद वही. तू सफाई कर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गोळी मुश्ताकच झाडणार होता. रायफली रॅकवर होत्या, पण एकीलाही बोल्ट नव्हता, म्हणजे गोळी झाडताच येणार नव्हती. केरू सगळे बोल्ट पत्र्याच्या पेटीत घालून पेटीवरच बसला होता. मॅनेजर खैरुद्दीन ओरडले, "व्हिसा कॅन्सल कर दूंगा! यल्ला, उठ!"

"करो साब. मुश्ताकभाई की आंख गयी तो वापस नहीं आयेगी."

तो हलला नाही. मग माझ्याकडे वळला. "गोळ्यांबरोबर कागद आला असेल ना, भाऊ?"

आला होता. मी तो न वाचताच फाइलला लावला होता. धावत जाऊन आणला आणि सगळ्यांसमोर वाचला. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात जास्त खोल बसते. जुन्या गोळीचं बारूदाचं माप हिला वापरू नये, आतला दाब धोकादायक वाढतो.

"खलास," एवढंच मुश्ताक म्हणाला आणि भरलेली सगळी काडतुसं परत घेऊन गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केरूने मला एका शब्दानेही सुनावलं नाही. पण त्यानंतर नवी खोकी आली की तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा.

"वाचा, भाऊ. मोठ्यानं."

आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो.