तोंडाला हात लावायचा नाही!

बाहुल्या जमवणाऱ्यांच्या घरात दोन गोष्टी नको तेवढ्या साठतात. एक, कुठल्याच बाहुलीला न होणारे बूट. आणि दोन, किस्से. बूट निदान कुणाला तरी देऊन टाकता येतात, किस्से कुठे द्यायचे? नवऱ्याला सांगितले तर तो "हं" म्हणतो आणि मॅच बघतो. म्हणून तुम्हाला सांगते. यातला एक मला सांगायचा नाहीये, पण तो गाळला तर बाकीचे सांगून काही उपयोग नाही.

आधी आमची गँग. मी वर्षा, वाशीला बँकेत लॉकर सांभाळते. रश्मी सीवूड्सला राहते, कॉम्प्युटरवाली. तुषार मूळचा साताऱ्याकडचा. वाशीच्या मार्केटात त्याच्या वडिलांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे आणि हा सहा फुटी गडी वीतभर बाहुल्या जमवतो! चौथ्या कर्णिक काकू. शाळेत शिवण शिकवायच्या, आता रिटायर. कोपरखैरण्यात बोनकोडे गावाला लागून त्यांची बिल्डिंग. आमच्या सगळ्या बाहुल्यांचे कपडे त्या शिवायच्या.

बाहुल्या म्हणजे बॉल-जॉइंटेड डॉल. रेझिनच्या. खांदा, कोपर, गुडघा, सगळीकडे गोळीचे सांधे, आतून इलॅस्टिक ओवलेलं. बसवा, उभी करा, हनुवटीला हात लावून विचारात पाडा. सगळ्यांकडे होत्या, फक्त काकूंकडे नव्हती. दोन वर्षं त्या आपली पहिली बाहुली निवडत होत्या. ती त्यांना मिळाली नाही, माझ्यामुळे. हे आत्ताच सांगून टाकते, नंतर धीर होणार नाही.

*

माझी पहिली खरेदी! वेबसाइटवर साइज लिहिली होती एक-तृतीयांश. मी म्हटलं, छोटीशीच असेल. कशाच्या एक-तृतीयांश, ते काही मी विचारलं नाही. आणि म्हणे बँकेत नोकरी करते!

पार्सल वॉचमनने दोन्ही हातांनी उचलून आणलं. माणसाच्या एक-तृतीयांश, बॉस! दोन फूट उंच आणि वजन तान्ह्या बाळाएवढं. शोकेसच्या एकाही कप्प्यात ती उभी राहीना. शेवटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवली.

चार दिवसांनी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई गेटवर भेटल्या. "अहो, तुमच्याकडे छोटी पाहुणी आलीये ना? सकाळपासून खिडकीत तोंड पाडून बसते बिचारी. रागावलात का तिला?"

तिचं तोंड होतंच तसं. भुवया खाली ओढलेल्या, ओठांचे कोपरे खाली पाडून रंगवलेले. त्या दिवसापासून तिचं नाव रुसूबाई. तोंड कंपनीच्या ज्या पेंटरने रंगवलं होतं, त्याने नंतर ते कामच सोडलं. म्हणजे तसं तोंड परत होणे नाही. मी रुसूबाईला जिवापाड जपायचे.

आता हा तोंडाचा रंग म्हणजे काय, तर रंगीत खडूच्या भुकटीचे पातळ थर, वर एक स्प्रे. बोटाचं तेल लागलं की संपलं! म्हणून आमच्यात पद्धत अशी. भेटलो की आधी हात धुवायचे, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, बाहुली कमरेला धरायची आणि तोंडाला हात लावायचा नाही. नियम मी केलेला. लॉकरवाल्या बाईचा नियम, त्यात कुणालाही सूट नाही.

*

रश्मीला डोकं एका कंपनीचं आवडलं आणि धड दुसऱ्या कंपनीचं. असं जोडून घेता येतं. डोकं लगेच आलं. धडाला आठ महिने, कारण ऑर्डर दिल्यावर बनवायला घेतात.

उजेडाने रेझिन पिवळं पडतं. म्हणून तिने ते डोकं रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. रविवारी सासूबाई उपमा करायला उठल्या.

किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली म्हणतात!

पण बाई खमकी. पाणी प्यायल्या, डोकं नीट उलटसुलट करून बघितलं आणि मग त्यांनाच टेन्शन आलं. रोज सकाळी एकच प्रश्न, "रश्मी, धडाचं काय झालं?" लिफ्टमध्ये तोच प्रश्न, भाजीवाल्यासमोर तोच प्रश्न. भाजीवाला हल्ली त्यांना न मागता कोथिंबीर देतो.

आठ महिन्यांनी धड आलं. डोकं पिवळसर आणि धड गुलाबी! दोन्ही कंपन्यांनी रंग लिहिला होता 'नॉर्मल'. रश्मी रडायच्या बेतात होती. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? मान झाकेल असा ब्लाउज शिवून घे काकूंकडून."

काकूंनी असा बंद गळ्याचा ब्लाउज शिवला की जोड कुणाच्या लक्षातही येत नाही.

*

तुषार सेकंडहँड बाहुली घ्यायला आला त्या दिवशी आम्ही सगळे सीवूड्सच्या मॉलमध्ये होतो. विकणाऱ्याने ती छान पिवळ्या दिव्याखाली टेबलावर मांडून ठेवलेली. तुषारने हात धुतले, बाहुली उचलली आणि तडक मॉलबाहेर चालू लागला! मागे विकणारा धावतोय, त्याच्या मागे गार्ड धावतोय.

बाहेर उन्हात धरून तुषार म्हणाला, "दादा, पिवळी पडलीय ओ ही."

"अहो नाही, क्रीम कलर आहे तो."

"क्रीम न्हाय. पिवळ्या बल्बाखाली आमचा हिरवा पडलेला बटाटा पण गोरा दिसतो!"

मग त्याने तिचं कोपर वाकवून इलॅस्टिक सैल झालंय का बघितलं, हातात तोलली, चक्क वास घेतला. घेतली नाहीच. काकू हसून हसून बेजार. मग तुषारला म्हणाल्या, "पण मला सांग, नाक कसं होतं रे तिचं?"

"आवो काकू, तुमच्या म्होरंच तर धरली होती!"

आम्ही परत हसलो. काकूही हसल्या.

*

बाहुली घेण्याआधी ग्रुपला विचारायचं, ही आणखी एक पद्धत. मग आम्ही जाब विचारायचो. साइज काय? ठेवणार कुठे? अस्सल कंपनीची की नक्कल? किती महिने थांबायची तयारी आहे? त्या मापाचे बूट आणि विग मिळतात का? आणि शेवटी माझा ठेवणीतला प्रश्न, "फोटो बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये का?" त्याला उत्तर 'हो' आलं नाही तर घ्यायची नाही.

काकूंचं मात्र भलतंच. मेसेज टाइप करणं त्यांनी कधीच सोडलं होतं, सगळे व्हॉइस मेसेज. "वर्षा, नाक टोकदार आहे का ग? ओठांच्या मधे फट आहे? पापणीची कड हाताला लागेल इतकी जाड आहे?" डोळ्यांचा रंग त्यांनी एकदाही विचारला नाही. विग कुठला, तोंड कसं रंगवलंय, काहीच नाही.

एकदा म्हणाल्या, "न रंगवलेलीच घेतली तर?"

मी ग्रुपवर लिहिलं, "काकू, मग बाहुली कशाला, पाटा-वरवंटा घ्या!" त्यावर तिघांचे हसरे चेहरे आले. तिघं म्हणजे काकू धरून.

*

त्याच सुमारास काकूंची शिलाई बिघडायला लागली. रुसूबाईच्या फ्रॉकची एक बाही उलटी लागून आली. हेम वाकडं. मी फोटो काढला, लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला. "काकू, या वेळी लक्ष नव्हतं वाटतं!"

काकूंचा मेसेज आला, "पाठव ग परत, उसवून देते." मी फ्रॉक परत पाठवला.

आज तो फोटो मोबाइलमधून काढून टाकलाय. काढून काय होणार म्हणा.

*

आता तो किस्सा.

रुसूबाईचा साचा कंपनीने पुन्हा काढला. ऑर्डर तीन आठवडे चालू, त्यानंतर साचा कायमचा बंद. काकूंचा लगेच फोन, "वर्षा, तुझी रुसूबाई घेऊन ये ना एकदा. मला नीट बघायचीय. बहुतेक हीच घेईन मी."

आम्ही मॉलच्या फूड कोर्टात जमलो. हात धुतले. मी रुसूबाई काकूंच्या मांडीवर बसवली आणि डोसे आणायला काउंटरवर गेले. ट्रे घेऊन परत येते तर काकूंची बोटं रुसूबाईच्या तोंडावर! कपाळ, भुवया, गाल, हळूहळू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेली.

"काकू!! तोंडाला हात लावायचा नाही! किती वेळा सांगायचं? लहान आहात का तुम्ही?"

आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. चटका बसावा तसे काकूंनी हात उचलले. "सॉरी हं. विसरलेच."

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबले. रुसूबाईची डावी भुवई जराशी फिसकटली होती. ती त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हे बघा! बघा काय केलंत!"

काकूंनी बघितलं. रुसूबाईच्या जरा बाजूला बघितलं. आणि म्हणाल्या, "हो ग. दिसतंय."

डोसा न खाताच त्या उठल्या, बसची वेळ झाली म्हणाल्या. रश्मीने विचारलं, "काकू, मग ऑर्डर करायची ना?" त्या म्हणाल्या, "बघू." तीन आठवडे संपले. काकूंनी ऑर्डर केली नाही. ग्रुपवर त्यांचा आवाज येणंही बंद झालं.

*

मी माफी मागायला गेले असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे दोन महिन्यांनी रुसूबाईचा फ्रॉक परत आणायला गेले.

बिल्डिंगच्या गेटवर बोनकोड्याची एक मावशी मासळीची टोपली घेऊन बसली होती. काकूंचा मजला विचारला तर म्हणाली, "दुसरा. पन दारान गेलीस का पयले नाव सांग गो बाय. तिला कोनाचा तोंड दिसत नाय."

"म्हणजे?"

"दोन वर्सा झाली. तुला ठाव नाय?"

दारात नाव सांगितलं. काकू हसल्या, आत घेतलं, स्वतः चहा केला, एक थेंब सांडला नाही.

"मधलं गेलंय ग. कडेकडेचं दिसतं. चालते, फिरते, बस पकडते. फक्त जिथे बघावं तेवढंच दिसत नाही. तुझी ओढणी हिरवी आहे, ती दिसते. तोंड नाही दिसत."

"सांगायचं नाही का काकू?"

"सांगितलं असतं तर कपडे शिवायला दिले असतेस?"

नसतेच दिले.

"सगळ्यांची तोंडं गेली," काकू म्हणाल्या. "माणसांच्या तोंडाला कसा हात लावणार? मुलाच्यासुद्धा लावता येत नाही, तो संकोचतो. म्हटलं बाहुलीच्या तरी लावता येईल. तुझी आवडली होती हो बोटांना. नाकापर्यंत तरी."

मग त्यांनी फ्रॉक आणून दिला. बाही सरळ केलेली. इस्त्रीही केलेली. रिक्षात मी तो फ्रॉक तोंडावर धरून रडले. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, साचा मोडला. तुषारने सेकंडहँडमध्ये महिनाभर शोधलं, कुणी विकायला तयार नाही.

*

शेवटी एका रविवारी मी कापूस आणि स्पिरिट घेऊन बसले. तुषारला कळवलं तर त्याचा लगेच फोन. "ताई, येड्या झाला काय? तो पेंटर पुन्हा मिळायचा न्हाय. जरा थांबा तरी!"

थांबले नाही. आधी भुवया पुसल्या. मग पापण्या, मग गाल, मग ते पडलेले ओठ. सगळं पुसून झालं आणि मी रुसूबाईकडे बघितलं. मला तर काहीच दिसेना. नुसतं पांढरं, कोरं तोंड.

दुपारी कोपरखैरणे. बेल वाजवली.

"काकू, मी वर्षा. रुसूबाईला आणलंय. राहायलाच आणलंय."

काकू आधी बेसिनपाशी गेल्या, साबण लावून हात धुतले, पुसले. बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. खुर्चीत बसल्या. मी रुसूबाई मांडीवर दिली, त्यांनी कमरेला धरली. दुसरा हात वर आला आणि मधेच थांबला.

"वर्षा, तोंडाला हात लावला तर चालेल?"

"लावा ना काकू."

कपाळ. भुवयांची जागा. पापण्यांची कड. गाल. नाक. शेंडा. तिथून बोटं हळूच खाली उतरली, ओठांवरून एका कोपऱ्यापर्यंत गेली, मग दुसऱ्या. परत फिरून पहिल्या. आणि काकू मोठ्यांदा हसल्या.

"अगं, हिला रुसूबाई कोणी म्हटलं? ही तर हसतेय!"