खिडकीखालची फट

बिबवेवाडीच्या टेकडीखालचा आमचा बुद्धविहार लाकडाचा आहे, म्हणजे अगदी अख्ख्या ओंडक्यांचा. विदर्भातून आलेली पहिली घरं इथे वसली, तेव्हा त्यातले बरेच पुरुष लाकडाच्या वखारीत कामाला होते. कोणी विकत घेणार नाही असे वाकडेतिकडे ओंडके मालकाने देऊन टाकले. यांनी ते एकावर एक रचून भिंती केल्या, वर पत्रे टाकले. ओंडके वाकडे, त्यामुळे भिंतींना फटीच फटी. मग त्या फटी घरोघरी वाटून दिल्या. बुद्धपौर्णिमेआधीच्या रविवारी ज्याने त्याने आपली फट शेणमातीने लिंपायची. आमची फट खिडकीखालची. त्या दिवशी आईचं घरात लक्षच नसायचं, स्वयंपाक वाऱ्यावर.

पुढे माझ्यासारखी मुलं शिकली, हिंजवडीला लागली. मी वाकडला फ्लॅट घेतला. लिंपणाच्या रविवारी नेमकं माझं ऑफिसचं काम निघायचं. खरंच निघायचं हो, शप्पथ! फटी म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडल्या आणि भिंतीतून उजेड दिसायला लागला. तेव्हा आम्हा नोकरदार मुलांनी ठरवलं, विहार जपायचा. लाकडाला पॉलिश, फटींत सिमेंट. एकदा केलं की पुन्हा बघायला नको. आपण फार थोर काम करतोय असं मला वाटत होतं.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. आई मात्र उठून उभी राहिली.

"सिमेंट भरलं, की आपण इथं यायचं कशाला?"

माझं डोकंच फिरलं. चारचौघांत लेकीला आडवं जायची काय गरज होती? माती दरवर्षी गळते, हे मी तिला समजावायला गेले. तिने ते चांगलंच ठाऊक असल्याचं सांगितलं. इतकी वर्षं लिंपतंय कोण? बाकीच्या बायकांनीही तिचीच री ओढली. सिमेंट बारगळलं, पॉलिश तेवढं झालं.

त्या वर्षी लिंपणाच्या रविवारी मी फोन बंद करून गेले. गुडघ्यांमुळे आईला आता खाली बसवत नव्हतं. ती खुर्चीतून हुकूम सोडत होती आणि मी कोपरापर्यंत माखले होते. गोळा काही केल्या चिकटेना. चिडचिड झाली, रडूही आलं थोडं. शेवटी कशीबशी फट बुजली. आईने खुर्चीतूनच वाकून बघितलं.

"वर्षभरात पडेल हे," ती म्हणाली.

"मग?"

"मग येशील."