मॅडमनी ओळखलेला डोळा

रुग्णालयाच्या तळघरात शिकाऊ नेत्रशल्यचिकित्सकांची सरावाची खोली होती. ज्या डोळ्यांचं रोपण करता येत नाही ते नेत्रपेढीतून तिथे येत आणि नवे डॉक्टर त्यांच्यावर टाके घालायला शिकत. डोळा कुणाचा, हे कुणी सांगत नसे, कुणी विचारतही नसे. शिकवायचं काम मॅडमकडे होतं.

त्यांचे यजमान त्याच विभागात शिकवायचे. छातीत संसर्ग होऊन ते अचानक गेले, तेव्हा नेत्रदानाच्या कागदावर मॅडमनीच सही केली. "माझे डोळे कुणाच्या उपयोगी नाही पडले, तर पोरांच्या टेबलावर जाऊ देत," असं ते नेहमी चेष्टेत म्हणायचे. मॅडम लवकरच कामावर परतल्या. घर खायला उठत होतं.

त्या दिवशी टेबलावर जी मुलगी बसली होती, तिला सगळे 'गडबड' म्हणत. मायक्रोस्कोपला शिकवणाऱ्यासाठी दुसरी नळी होती. मॅडमनी त्या नळीतून पाहिलं. बुबुळाच्या खालच्या कडेला स्वल्पविरामासारखा पांढरा डाग होता.

विद्यार्थी असताना मॅडम आणि यजमान एकाच वर्गात होते; सगळे एकमेकांचे डोळे तपासून शिकले होते. यंत्राच्या उजेडात मॅडमनी पाहिलेला पहिला डोळा यजमानांचाच. "बोलू नका, तुमचा श्वास गालाला लागतोय," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो डाग त्यांनी कागदावर काढून घेतला होता.

"मॅडम, सुरू करू?" गडबडने विचारलं.

थांब म्हणावंसं वाटलं. पण यजमानांचीच इच्छा होती, सही आपलीच होती. "कर," त्या म्हणाल्या.

सुई खोल गेली.

"काढ. परत घाल."

दुसरा टाका तिरपा पडला. "काढ." बाकीचे शिकाऊ डॉक्टर हात धुऊन निघून गेले, जाताना मॅडमना आज झालंय तरी काय, असं कुजबुजले. गडबडचे डोळे भरून आले, पण हात तिने थांबवला नाही. अखेर एक टाका असा बसला की बुबुळ जराही ओढलं गेलं नाही. मॅडमनी आपल्या हाताने तो डोळा झाकला.

तेव्हापासून त्यांच्या मागे काहीतरी लागलं. तपासणीच्या यंत्राशी कुठल्याही पेशंटने हनुवटी टेकवली की मॅडमच्या गालाला तोच जुना श्वास लागायचा. मग त्या उगाच पंखा बंद करायला सांगत.

घरी सासूबाईंचं वेगळंच. रस्त्याने चालताना त्या अनोळखी माणसांच्या डोळ्यांत निरखून बघायच्या. "कुणाला तरी त्याच्या डोळ्यांनी दिसत असेल गं," म्हणायच्या. मॅडम नुसतं "हो" म्हणून वेळ मारून नेत. एकदा मात्र औषधाच्या दुकानात सासूबाईंनी एका गिऱ्हाइकाचा हात धरला आणि सोडेचनात. तो बिचारा गोरामोरा झाला. मॅडमनी त्यांना कसंबसं घरी आणलं, खुर्चीवर बसवलं आणि डोळे कुणालाच बसवता आले नाहीत, इथपासून सगळं सांगून टाकलं.

सासूबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दुखलं नसेल ना त्याला?"

"नाही, आई."

"आणि ती पोरगी शिकली का?"

"शिकली. चांगला हात आहे तिचा."

"तिला माहितीये?"

"नाही."

"मग सांगू नकोस. हात थरथरेल तिचा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या माणसाला उगाच धरलं मी," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढे त्यांनी लोकांच्या डोळ्यांत बघणं सोडलं. मान खाली घालून चालू लागल्या. गडबड शिकून दुसऱ्या रुग्णालयात गेली. जाताना ती पाया पडायला वाकली, तर मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. मॅडमनी तो गैरसमज दूर केला नाही; केला असता तर तो डोळा कुणाचा, हेही सांगावं लागलं असतं.

त्या अजून शिकवतात. खोलीत शिरण्याआधी मात्र दाराशी क्षणभर उभ्या राहतात, आत तो ओळखीचा श्वास ऐकू येतोय का याचा कानोसा घेतल्यासारख्या.