मुरूमच्या रस्त्यावर अडणारी गाडी

गाडी वाटेत बंद पडली की आमचे शोफरमामा कधी लगेच बॉनेट उघडत नसत. ते खाली उतरून रस्त्याकडेला उकिडवे बसत, विडी पेटवत आणि स्वतः गाडी चालवत असूनही आतल्या माणसांनाच प्रश्न विचारत. "गपकन मेली का खोकत खोकत? चढाला अडली का सपाटीला?" उन्हात ताटकळलेला पाहुणा चिडून म्हणे, "अहो, आधी उघडून बघा तरी!" मामा शांतपणे धूर सोडत. "घाईनं हात घातला की धड भाग बी बिघडतोय. तिला कवा दुखतंय ते आधी कळू द्या." गपकन मेली तर ठिणगीचा दोष, खोकत मेली तर पेट्रोलचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

माझे सासरे उस्मानाबादेत वकील. निजामाच्या अमलात त्यांची वकिली जोरात होती आणि गावात ज्या मोजक्या मोटारी होत्या त्यांतली एक आमच्या दारात उभी असे. गाडी जुनी, तिला नाना दुखणी. शोफरमामा मात्र मूळचे मुरूम गावचे, म्हणजे माझ्या माहेरचे. नव्या नवरीला माहेरचं कुत्रं दिसलं तरी भरून येतं, हा तर अख्खा माणूस! पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मामा करून टाकलं. ते मला अक्का म्हणत. त्या घरात मला तशी हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला निघालो, तर गाडी थोडी चाले, बंद पडे, जरा उभी राहिली की पुन्हा मुकाट चालू होई. मामांनी विडी संपवली आणि मला विचारलं, "अक्का, काल गाडी कुणी धुतली?" धुणारा गडी नवा होता. त्यानं टाकीच्या झाकणावर चिखल तसाच ठेवला होता आणि झाकणाचं बारीक भोक बुजलं होतं. मामांनी बाभळीचा काटा मोडून ते मोकळं केलं. "वारा आत गेल्याबिगर पेट्रोल भाईर येत न्हाय," ते म्हणाले. "माणसाचं बी तसंच. सासरी जीव कोंडला तर मला सांगत जावा." मी वेडी, सगळं सांगत गेले.

पुढं माझा भाऊ निजाम सरकारविरुद्धच्या चळवळीत गेला आणि मुरूमच्या आमच्या घरावर पोलिसांची नजर बसली. त्याच सुमारास आईला अर्धांगवायूचा झटका आला. निरोप येताच सासरे चारचौघांत म्हणाले, "जा की सूनबाई, आईपेक्षा मोठं काय? गाडी घेऊन जा." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

गाडी नळदुर्गाच्या अलीकडे खोकत खोकत बंद पडली. मामांनी बरीच खटपट केली. "लढाईच्या दिसांतलं पेट्रोल, अक्का, निम्मं रॉकेल. पुढं न्यायची जोखीम नको." आम्ही परत फिरलो. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला मामा बॉनेटमध्ये वाकले असताना मी तांब्या घ्यायला पुढं झुकले, तर चालकाच्या पायापाशी असलेली, इंजिनाला पेट्रोल सोडणारी तोटी बंद दिसली. काम करताना गळू नये म्हणून बंद केली असेल, असं मीच माझ्या मनाला सांगितलं.

मग आई गेल्याचा सांगावा आला. मयताला जाणाऱ्याला सरकारही नावं ठेवत नाही, म्हणून या वेळी सासरे स्वतः गाडीत बसले. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं, येणेगूर आलं. गाडी एकदाही खोकली नाही. पेट्रोल तेच होतं, ऊन तेच, रस्ता तोच. रडता रडता मी मामांच्याच रीतीनं विचार करत गेले. हिला कधी दुखायचं? चढाला नाही, तापल्यावर नाही. आई जिवंत होती तोवरच दुखत होतं.

माणसं मसणवट्यातून परतली तेव्हा मामा आमच्या मुरूमच्या घराच्या ओसरीवर पायरीशी बसून हुंदके देत होते. ते रडणं खोटं नव्हतं; लहानपणी ते माझ्या आईच्या हातचं जेवले होते. मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, आज तोटी उघडी होती?"

त्यांनी मान वर केली नाही. "आज हुकूम न्हवता, अक्का."

आजारी आईकडं जाऊ नको असं सुनेला सांगणं सासऱ्यांना शोभलं नसतं आणि पोलिसांची नजर असलेल्या दारात त्यांची गाडी उभी राहिलेली परवडली नसती. त्यांच्या तोंडून न निघालेला नकार मामांनी रस्त्यावर नेऊन दिला. सासऱ्यांचं मला एवढं लागलं नाही, ते परकेच होते. पण आई वाट बघतेय हे मी रोज ज्यांच्यापाशी रडले, त्यांनीच मला तीनदा परत आणलं.

तेवढ्यात माझी काकू पाणी घेऊन आली. मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नगंस बाबा. लई आस होती तिला तुजी. जीभ जड झालेली, तरी सगळ्यांस्नी सांगायची, गाडीवर आपला माणूस हाय, तो आणतोय की लेकीला."

मामांनी पाण्याला हात लावला नाही. आईनं ज्याला आपला मानलं त्यानंच घात केला, हे त्या घरात माझ्या तोंडून निघेना.