खालच्या गावचं पाणी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी विमलताईंनी माझ्या नाकासमोर काचेची एक नळी धरली. नळीतलं जांभळं द्रावण रात्रीतून पिवळं झालेलं होतं आणि आत उलट्या ठेवलेल्या इवल्याशा दुसऱ्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता.

"काय आहे हे?"

मी नुकताच एम.एस्सी. झालो होतो. "मॅडम, पाण्यात मलजन्य प्रदूषण असल्याचा पुरावा आहे."

"माझ्या आईले समजंन असं सांग."

मी शब्द शोधू लागलो. शेजारच्या टेबलावरचे दोघं खाली माना घालून हसायला लागले. विमलताईंनी नळी परत जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "गू म्हनतात गा त्याले. करतांना लाजत नाही, म्हनतांनाच काहून लाजता?"

डॉ. विमल ठोंबरे नागपूरच्या आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जीवाणू विभागाच्या प्रमुख होत्या. माहेर नरखेडकडचं, वडिलांची संत्र्याची बाग. वरिष्ठांसमोर त्या अगदी छापील मराठी बोलत, पण राग आला किंवा माया आली की नरखेड बाहेर येई. साध्या सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी गमबूट आणि हातात बर्फाची पेटी, अशा त्या नाग नदीच्या पुलांवरून खाली उतरत. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणाऱ्या कुणालाही, अगदी साहेबांनासुद्धा, "हात धुतले का?" असं विचारायला त्यांना संकोच वाटत नसे. साहेब उठून हात धुऊन येत. मी त्या काळात त्यांना जरा घाबरून असे आणि आपण त्यांच्या हाताखाली आहोत याचा मला अभिमानही वाटे.

आमचं काम सोपं होतं. नाग नदी शहरातून वाहत पूर्वेला कुहीकडे जाते. ठरलेल्या जागी बाटल्या भरायच्या, त्या बर्फात ठेवून त्याच दिवशी आणायच्या आणि त्यातले जंतू वाढवून बघायचे. माणसाच्या आतड्यातले जंतू अंगाच्या उष्णतेपेक्षा थोड्या जास्त उष्णतेतही वाढतात आणि वायू सोडतात. बुडबुडा दिसला की समजायचं, हे कुणाच्या तरी पोटातून आलंय. "कोनाच्या, ते तेवढं हा बुडबुडा सांगत नाही," असं विमलताई म्हणत. ते त्यांना सलत असे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो उन्हाळा होता. कुही तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी आम्ही पहिल्यांदाच गेलो. तिथली माणसं नदीच्या वाळूत खड्डे करून त्यात झिरपलेलं पाणी प्यायला भरत. दिसायला ते नितळ होतं, पण नदीच्या वरच्या प्रत्येक ठिकाणी बुडबुडा आलेला होता. आम्ही बाटल्या भरल्या आणि उन्हातून वर आलो. काठावरच्या पहिल्याच घरातल्या बाईने, तुळसाबाईने, आम्हाला अंगणात बोलावलं. तिच्या मुलीचं, शेवंताचं, लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे काका आणि गावातली चार माणसं बाजेवर बसली होती. शेवंता आतून तांब्या आणि पेले घेऊन आली आणि पहिला पेला तिने विमलताईंपुढे धरला.

विमलताईंनी पेला घेतला नाही. त्यांना तहान लागली होती, हे मला माहीत होतं. ओठ सुकले होते त्यांचे.

"नको वं माय," त्या म्हणाल्या.

तुळसाबाईचा चेहरा एकदम उतरला. "काहून बाई? आमच्या घरचं पानी चालत नाही का तुमाले?"

बाजेवरची माणसं वळून बघू लागली. असल्या नकाराचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच होत आलेला होता. शेवंता पेला धरून तशीच उभी.

"जातपात नाही मानत वं मी," विमलताई घाईने म्हणाल्या. आणि मग जे खरं होतं ते, नेहमीसारखंच सरळ, त्या बोलून गेल्या. "या पान्यात शहराचा गू आहे. वरून वाहून येते. तुमी बी पेऊ नका, लेकरांना देऊ नका. उकळून घेत जा."

नवऱ्या मुलाच्या काकांनी तोंडाला लावलेला पेला खाली ठेवला. तुळसाबाईने पदराने तोंड झाकलं. विमलताई पाणी कसं उकळायचं, किती वेळ उकळायचं ते समजावत राहिल्या, पण ऐकत कुणीच नव्हतं.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा तुळसाबाई दारातच उभी होती. तिने आम्हाला आत बोलावलं नाही.

"सोयरीक मोडली," ती म्हणाली. "गू पेनाऱ्या गावची पोरगी नाही पाहिजे म्हनतात. बाजारात पोट्टे हासतात आमाले. बाई, दुखन्यानं मेलो असतो तं मेलो असतो. तुमी तोंड दाखवाले जागा नाही ठेवली."

विमलताई तिथूनच मुलाच्या वडिलांकडे गेल्या. तो शेतकरी होता, धानाची शेती असलेला. त्याने आम्हाला मानाने बसवलं. विमलताईंनी सांगितलं की दोष गावाचा नाही, घाण शहराची आहे, मुलगी चांगली आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी शिकल्यासवरल्या डाक्टरीनबाई. तुमी त्या घरचं पानी पेल्या का?"

"नाही."

"मंग आमी त्या घरची पोरगी कशी आनाव?"

विमलताई उठल्या आणि बाहेर येऊन जीपमध्ये बसल्या. नागपूरला उतरताना म्हणाल्या, "खोटं नव्हतो ना गा बोललो आपन?" मी म्हणालो, "नाही, ताई." त्या म्हणाल्या, "मंग लाज त्यायलेच काहून आली?"

पावसाळा लागायच्या आधी एक दिवस शेवंता एकटीच एसटीने नागपूरला आली. विचारत विचारत प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. चपराशी तिला आत सोडेना, तेव्हा मी जाऊन घेऊन आलो. विमलताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"मले दाखवा," ती म्हणाली. "ज्याच्यानं माहं लगन मोडलं ते मले पाहाचं आहे."

विमलताईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. शेवंताने बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "एवढूसे?" ती म्हणाली. मग मान वर करून तिने विचारलं, "हे कोनाचं आहे? तुमच्या घरचं बी आहे का याच्यात?"

खोलीत आम्ही पाचसहा जण होतो. सगळे पदवीधर. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडला नव्हता.

"मले माहीत नाही, पोरी," विमलताई म्हणाल्या. "पाहून सांगतो."

विमलताईंचं घर शहराच्या पश्चिमेकडच्या एका सुखवस्तू वस्तीत होतं. वकील, प्राध्यापक, मोठे अधिकारी राहत. फाटकांवर बोगनवेली. वस्तीच्या मागून एक नाला जाई, तो पुढे नाग नदीला मिळतो. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. पाण्याची वाट शोधायला वापरतात ती निरुपद्रवी रंगाची पूड त्यांनी पेल्यात कालवली आणि मला नाल्याच्या काठावर जाऊन उभं राहायला सांगितलं. स्वतः घरातल्या संडासात त्यांनी तो रंग ओतला आणि वरून बादल्या ओतल्या. मग त्याही धावत नाल्यावर आल्या.

आम्ही वाट पाहत उभे होतो. मला मनातून वाटत होतं, काही येऊ नये. आणि मग विटांच्या भिंतीतल्या एका फुटक्या नळातून हिरवंगार पाणी बाहेर आलं. पोपटाच्या पिसासारखं. नाल्याच्या काळ्या पाण्यात ते पसरत गेलं आणि वळणापर्यंत चमकत राहिलं.

विमलताई काठावरच्या दगडावर बसल्या. पदर तोंडाशी धरून त्या बघत होत्या. प्राध्यापक असलेले त्यांचे यजमान मागे येऊन उभे राहिले. "विमल, घरात चल. लोक पाहून राहिले," ते म्हणाले.

"पाहू द्या," त्या म्हणाल्या. "पाहाचंच आहे त्यायनं."

नंतरच्या रविवारी पुड्या घेऊन त्या शेजाऱ्यांच्या दारोदार गेल्या. "पाण्याची तपासणी आहे" एवढंच सांगितल्यावर तिघांनी आनंदाने रंग ओतला. नाला पुन्हा हिरवा झाला, या वेळी तीन ठिकाणांहून. शेजारचे निवृत्त न्यायाधीश काठी टेकत बघायला आले. विमलताईंनी बोट करून दाखवलं, "तो वरचा नळ तुमचा, काका. हे पाणी कुहीकडं पितात." त्यांचा गोरा चेहरा लाल झाला. ते वळून घरात गेले. त्यांच्या पत्नी मात्र फाटकात येऊन ओरडल्या, "भल्या घरच्या बाईचे धंदे आहेत का हे? चव्हाट्यावर आणलं आम्हाला!"

त्यानंतर वस्तीत विमलताईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. त्यांनी अंगण खणून मैल्याची टाकी बांधून घेतली, तेव्हा लोक कुंपणावरून बघत. न्यायाधीशांनी मात्र गाजावाजा न करता त्याच गवंड्याला बोलावलं. बाकीच्यांनी नाल्याकडची भिंत उंच केली.

ते सगळं झाल्यावर आम्ही पुन्हा कुहीकडे गेलो. विमलताई तुळसाबाईच्या अंगणाच्या तोंडाशी थांबल्या, आत गेल्या नाहीत. तिथूनच, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तुळसाबाई, माझ्या घरचं आहे त्या पान्यात. म्या डोळ्यानं पाह्यलं. तुमी लाजू नका. लाजाचं तं आमाले आहे."

तुळसाबाई धान पाखडत होती. सूप थांबलं. "बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "आता जा."

विमलताईंनी मान हलवली आणि आम्ही निघालो. कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी त्या गावाला हातपंप मिळवून दिला, नदीपासून लांब, खडकातल्या पाण्याचा. पण शहराचं काय, असं त्या बैठकींत विचारू लागल्या की साहेब लोक घड्याळाकडे बघत. "शहराचं नाव खराब होईल" असं एकदा कुणीतरी म्हणालं. "गावाचं झालं तेव्हा कोणी नव्हतं बोललं," विमलताई म्हणाल्या. बैठक तिथेच संपली.

त्या निवृत्त व्हायच्या आधी शेवटच्या वेळी आम्ही तुळसाबाईच्या गावच्या घाटावर गेलो. मधे बरीच वर्षं गेली होती. विमलताईंचे गुडघे दुखत, म्हणून बाटल्या मी भरत होतो आणि त्या वाळूत उभ्या होत्या. वरून एक बाई उतरत आली, कडेवर मूल. मी ओळखलं नाही, विमलताईंनी ओळखलं. शेवंता होती. उशिरा का होईना, लग्न झालं होतं. नवरा कोराडीला राखेच्या ट्रकवर होता आणि ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"बऱ्या आहात का बाई?" तिने विचारलं.

"बरी आहो. लेकराले कोनतं पानी देतं वं?"

"पंपाचंच." तिने मूल सावरलं आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. काठावर फेस साचला होता, वास पहिल्यापेक्षा वाढला होता. "बाई, नदीत तुमचं अजून येतेच का?"

विमलताईंच्या घराला टाकी होती. त्यांनी ते सांगितलं नाही.

"येते," त्या म्हणाल्या.

"अजून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरचं आश्चर्य होतं, एवढी शिकलेली माणसं, एवढ्या वर्षांत. विमलताईंनी खाली वाळूकडे पाहिलं.

"हो वं," त्या म्हणाल्या, "अजून."

विमलताई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. दर महिन्याला त्या घाटावरच्या बाटल्या येतात, जांभळं पिवळं होतं, बुडबुडा वर चढतो आणि मी अहवालावर सही करतो. कुहीकडचं कुणी भेटलं की मी कुठे नोकरी करतो ते सांगत नाही.