दहा वाजता पाणी सोडणार आहोत

"मॅडम, मेसेज आला तुमचा. पण पाणी सोडून राहिले का नाही, ते सांगा ना."

फोनवर ज्योतीताई होत्या. कुही तालुक्याकडच्या आमच्या धरणाखाली नदीकाठी जे पहिलं गाव लागतं, तिथल्या त्या पोलीस पाटील. पोळ्याचा दिवस होता. गावातली माणसं बैल धुवायला नदीत उतरली होती. आणि वरच्या भागात रात्रभर पाऊस झाल्यामुळे आम्हाला दहा वाजता गेट उघडायची होती.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनीअर आहे. राहते नागपूरला, ड्यूटी धरणावर. पाणी सोडण्याआधी गावांना कळवण्याचा एक ठरलेला फॉरमॅट आहे. तो मी सकाळीच पाठवला होता: 'जलाशयातील येवा विचारात घेता सांडव्यावरून टप्प्याटप्प्याने विसर्ग सोडण्याचे नियोजन असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' येवा म्हणजे धरणात येणारं पाणी. विसर्ग म्हणजे आम्ही सोडतो ते.

"नियोजन त रोजच असते मॅडम," ज्योतीताई म्हणाल्या. "लोकं म्हणतात, पाऊस कुठी आहे? ऊन पडून राहिलं."

ऊन खरंच होतं.

इथे माझ्या ब्लॉगबद्दल सांगावं लागेल. दोनेक वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी, बोरकर साहेबांनी, माझी टिपणी हातात धरून विचारलं होतं, "तीनदा वाचली. तुम्हाला पाहिजे काय आहे?" सगळे हसले. घरी येऊन मुलीला सांगितलं, तर तिनं मोबाइलवर ब्लॉग उघडून दिला. तिची अट एकच. रोज लिहायचं, आणि लिहिलेलं दुरुस्त करायचं नाही. मी सकाळी जीपमध्ये लिहायची आणि साइटवर उतरण्याआधी पोस्ट करून टाकायची.

सुरुवातीचं आता वाचवत नाही. 'भाजी बाजारातून आणण्यात आली', असं मी माझ्याच घरातल्या भाजीबद्दल लिहिलं होतं. नेमानं वाचणारा एकच, कामठीचा माझा भाऊ. त्यानं विचारलं, "कोनं आनली वं ताई? सरकारनं पाठवली का?"

खोडायची सोय नसल्यामुळे चूक तिथेच राहायची. रोज दिसायची. मग दुसऱ्या दिवशी ती टाळून लिहावं लागायचं. हळूहळू लक्षात आलं की मी मुद्द्याची गोष्ट शेवटी लिहिते आणि काम कोणी केलं ते लपवते. दोन्ही सवयी ऑफिसनं लावलेल्या. त्या सुटायला वर्ष गेलं. मग एकदा भावाचा मेसेज आला, "आता तू समोर बसून बोलून राहिली असं वाटते."

तर त्या सकाळी मी जीपमध्ये लिहिते तसंच लिहिलं: 'आज दहा वाजता आम्ही धरणाचं पाणी सोडणार आहोत. तुमच्याकडे ऊन असलं तरी नदी भरेल. दहानंतर माणसं, बैल, कोणीही नदीत थांबू नका.'

पाठवण्याआधी साहेबांना फोनवर वाचून दाखवलं.

"ही काय भाषा आहे? उद्या काही झालं तर कोर्टात फॉरमॅट चालतो, हे चालत नाही."

"सर, फॉरमॅट गेलेला आहे. लोकांना तो कळलेला नाही."

"माझ्या नावानं हे जाणार नाही."

"माझ्या नावानं पाठवते, सर."

मी पाठवून दिलं. नोकरीचं काय होईल, हा विचार मनात आला आणि तिथेच अडकून बसला.

थोड्या वेळानं परत ज्योतीताई. आवाज चढलेला. "मॅडम, लोकं म्हणतात दहाले टाइम आहे, तवरिक धुवून घेऊ. जे घरी होते, तेबी निघाले!"

पहिल्या मेसेजनं कोणी हललं नव्हतं. माझ्या साध्या, स्वच्छ वाक्यानं उलट माणसं नदीत उतरत होती. मेसेजमध्ये वेळ दिसली की माणूस आधी घड्याळ बघतो, हे मला सुचलंच नव्हतं.

साहेबांना पुन्हा फोन लावला. "सर, गेट थोडी उशिरा उघडली तर?"

"लेव्हल बघताय ना? उशीर केला तर जास्त पाणी सोडावं लागेल. मग त्या माणसांचं काय?"

ते बरोबर बोलत होते. मी फोन ठेवला आणि आणखी एक मेसेज लिहिला: 'दहाची वाट पाहू नका. आत्ताच वर या. पाणी आल्यावर बैल काढता येणार नाहीत. राहिलेले बैल घरी हापशीवर धुवा.'

भोंगा वाजला. गेट उघडली. पाणी त्या गावापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी कंट्रोल रूमबाहेर फोन हातात धरून काढला. ज्योतीताई फोन उचलत नव्हत्या. पुन्हा लावला, नाही उचलला. खाली पाण्याचा आवाज इतका होता की घंटी वाजली तरी ऐकू येणार नाही, म्हणून मी स्क्रीनकडेच बघत होते.

शेवटी फोन आला. "आले मॅडम. समदे वर आले. माणसंबी, बैलंबी. मीच काठावर ओरडून राहिली होती, फोन पाहालेच नाही." मी तिथेच पायरीवर बसले. मग त्या म्हणाल्या, "रामाजीचं इंजिन गेलं पण."

शेताला पाणी देण्यासाठी नदीवर ठेवलेलं डिझेल इंजिन. वाहून गेलं.

दोन दिवसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला: ठरलेला फॉरमॅट सोडून मेसेज का पाठवला? मी लिहून दिलं. माझ्या मेसेजमुळे आधी माणसं नदीत उतरली, हेही त्यात लिहिलं. साहेबांनी वाचून फाइलला लावलं. पुढच्या वेळी मात्र त्यांच्याकडूनच सूचना आली, फॉरमॅटखाली चार ओळी साध्या मराठीत टाकाव्यात.

रामाजी स्वतः धरणावर आला. चिडलेला होता. "बैलाचं लिहिलं तुम्ही मॅडम. इंजिनाचं काहून नाही लिहिलं?"

आता मेसेजमध्ये इंजिन, मोटर, पाइप सगळं असतं.

रोज न खोडता लिहिलं की वाक्य सरळ होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. त्यात काय राहून गेलं, ते मात्र ज्याचं नुकसान होतं तोच येऊन सांगतो.