प्रणालीच्या गाण्यातली ती जागा

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही. बायको असती तर — नाही, तिला तर नाहीच. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं आणि मला ते सोसलं नसतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय.

कोण जाणे, कदाचित ओळखतही असाल. मोबाईलवर पाहिलं असेल. टक्कल, पांढरा सदरा, कानांवर बशीएवढे हेडफोन, मागे कोपरखैरण्याच्या आमच्या घराची हिरवट भिंत. ‘आजोबा पहिल्यांदाच ऐकतात.’ तो मीच.

ही कल्पना आमच्या सुनेची, मानसीची. ती घरूनच काम करते. नव्या पोरापोरींची गाणी — कुठल्या कंपनीची नाहीत, स्वतःच लिहिलेली, मित्राच्या मोबाईलवर शूट केलेली — ती मला लावून द्यायची आणि ऐकताना माझा चेहरा टिपायची. गाणं लहान चौकोनात, माझा चेहरा मोठा. यात एकच नियम. गाणं आधी ऐकलेलं नसावं. आधीच ऐकलेलं असेल तर रिॲक्शन कसली?

मला हे आवडलं. का आवडलं, तेही सांगतो. वाशीला माझं कॅसेटचं दुकान होतं. तेव्हा नवे गायक पदरमोड करून भरलेली कॅसेट घेऊन यायचे — ‘काका, जरा लावून बघा ना.’ मी लावायचो. चांगलं असेल तर चांगलं म्हणायचो, नसेल तर ‘नाही चालणार रे’ असं तोंडावर सांगून चहा पाजायचो. लोक माझ्या कानावर विश्वास ठेवायचे. मग कॅसेट गेली, सीडी गेली, दुकान गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी काही ऐकवून विचारलं नव्हतं. आणि आता अनोळखी मुलं विचारू लागली.

सुरुवातीला मी मनापासून बोलायचो. या मुलाने शब्द किती जपून ठेवलेत बघा, त्या मुलीची चाल कशी वळली बघा. कोणी फारसं बघत नव्हतं. मग एका गाण्याला मी वैतागून म्हणालो, ‘हे गाणं आहे की मिक्सरमध्ये चमचा राहिलाय?’ झालं. तो व्हिडिओ तुफान पळाला. आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा गेट उघडताना म्हणायला लागला, ‘काका, आज चमचा कोणाचा?’ खाली लोक लिहू लागले — आजोबा, धुलाई करा. आजोबा, सोडू नका.

मानसी म्हणाली, ‘बाबा, सगळ्यांना छान छान म्हणत बसू नका हं. तुम्ही चिडलात ना, की कसले क्यूट दिसता.’

तिचा यात काही दोष नाही. हे मी आताच सांगून ठेवतो.

आता प्रणाली. ती लॅबमधून माझ्या साखरेसाठी रक्त घ्यायला यायची. इथल्याच गावठाणातली, आगरी घरातली. तिची आजी धवलारीण — म्हणजे लग्नात धवले गाणारी, विधी सांगत सांगत गाण्यानेच लग्न पुढे नेणारी बाई. एका सकाळी सुई काढून कापूस दाबत ती म्हणाली, ‘आजोबा, ते व्हिडिओवाले तुमीच ना? माझं पन एक गानं हाय. आयकाल का? पन हसू नका हां.’

मानसी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. प्रणालीने स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. खाडीकाठी, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर ती उभी होती, अंगावर लॅबच्या कामाला घालून येते तोच कुर्ता. गिटार, आणि त्यावर धवल्याचा सूर. मायघर सोडून आलेल्या नवरीचं गाणं. आणि कडव्याच्या शेवटी तिने आवाज वर नेला आणि वर नेऊन — काय सांगू — तो तिथे फुटला. आजी ओळ तशीच सोडते, म्हणे. सूर पुरा करत नाही. तिथे नवरी रडते, म्हणून.

माझ्या अंगावर काटा आला. दुकानाच्या सगळ्या वर्षांत मी असं काही ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, स्टुडिओवाला दादा सांगतो की तेवढी जागा बेसुरी वाटते, कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. करू का?

मी म्हणालो, ‘खबरदार हात लावलास तर. सगळं गाणं एकीकडे आणि ती जागा एकीकडे. तिथे तुझी आजी आहे.’

ती खूश झाली. म्हणाली, तुमी व्हिडिओ केलात तर लोकं बघतील. मी शब्द दिला. तिने गाणं तसंच टाकलं, ती जागा ठेवून — माझ्या शब्दावर.

पुढच्याच आठवड्यात, प्रणालीने मानसीकडे पाठवलेलं ते गाणं मानसीने लावलं. कॅमेऱ्यापुढे मी म्हणालो, ‘पहिल्यांदाच ऐकतोय.’ पहिलं खोटं ते. पण ते लहान, तेवढं सगळेच बोलतात. मग ती जागा आली. मला ठाऊक होती, येणार हे ठाऊक होतं, आणि तिच्याआधीच माझ्या मनात वाक्य तयार होतं. कोणी सुचवलं नव्हतं. मी हेडफोन सरकवून बोट कानात घातलं, गाणं थांबवलं आणि म्हणालो, ‘अगं बाई, आवाज उसवला हिचा. कोणीतरी दोरा आणा रे!’

मोबाईलमागे मानसीचे खांदे हसून हलू लागले. ते पाहून मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं. अजून दोन वाक्यं मी त्यावर जोडली.

लोकांनी माझा तो तुकडा कापून घेतला. तिच्या प्रत्येक फोटोखाली सुई-दोरा. एका हळदीला ती आजीबरोबर गायला बसली तर गावातली पोरं मागून ओरडली, ‘दोरा आना रे!’ आजीला काही कळेना, ती थांबून इकडेतिकडे बघत राहिली. हे मला लॅबच्या दुसऱ्या मुलीने सांगितलं, हसत सांगितलं. तिला वाटलं मला गंमत वाटेल.

मी मानसीला व्हिडिओ काढून टाकायला लावलं. तिने लगेच काढला. पण काढून काय होतं? तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. एखादी कॅसेट असती तर दुकानातून मागे घेतली असती, हाताने फीत ओढून काढली असती. हे कुठून ओढायचं?

पण जे सांगायला बसलो ते हे नव्हे. खरं सांगतो, मी अजून त्याच्याभोवतीच फिरतोय.

पुढच्या वेळी रक्त घ्यायला प्रणालीच आली. मला वाटलं होतं दुसऱ्या कोणाला पाठवतील. तिने नेहमीसारखी दंडाला पट्टी बांधली. ‘मूठ आवळा, आजोबा.’ मी आवळली. ती रागावेल, म्हणेल की तुम्हीच ठेवायला सांगितलं होतं — मी वाट बघत होतो. तिने ओरडावं, असं मला मनातून वाटत होतं. तिने जगाला सांगितलं असतं की या म्हाताऱ्याने गाणं आधी ऐकलं होतं, तर माझी काय शोभा राहिली असती? ती कोणालाच बोलली नव्हती.

सुई काढून, कापूस दाबून, खाली बघतच तिने विचारलं, ‘तवा तुमी माझं मन राखलंत ना, आजोबा? खरं म्हंजे ती जागा काढायलाच पायजे होती. हो ना?’

तिने माझ्या कॅमेऱ्यातल्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता. माझं खरं बोलणं तिला म्हाताऱ्याची माया वाटली, आणि खोटं बोलणं खरं.

एवढंच म्हणायचं होतं — नाही गं, तेव्हा बोललो तेच खरं. एक वाक्य. घरात कोणी नव्हतं. पण ते म्हटलं तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग तसं का बोललात?

मी म्हणालो, ‘हो.’

हाच तो ‘हो’. तो मी लपवून ठेवला होता. विनोद लोकांनी पाहिला, हा कोणी पाहिला नाही.

तिने मान हलवली. नळीवर माझं नाव लिहिलं आणि गेली.

तिने गाणं पुन्हा टाकलं, ती जागा गुळगुळीत करून. त्यानंतरही गाते ती. आता बरं चाललंय तिचं. हळदीचे कार्यक्रम असतात, नवे व्हिडिओ येतात, लॅब सोडलीय. प्रत्येक गाणं मी ऐकतो. प्रत्येक सूर जिथल्या तिथे असतो. कडव्याच्या शेवटी मी श्वास रोखून बसतो आणि ओळ नीट, सरळ संपते. आजी मागच्या वर्षी वारली. तशी ओळ सोडणारं आता घरात दुसरं कोणी नाही, असं ऐकतो.

एकदा मी स्वतः तिच्या गाण्याखाली लिहिलं — ती जुनी जागा ठेवायला हवी होती, चूक माझी होती. लोकांना वाटलं, आजोबांचा नवा विनोद. खाली पुन्हा सुई-दोऱ्यांची रांग लागली. तिने स्वतः हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मी काय करणार होतो? माझं लिहिलेलं मी पुसून टाकलं.

अलीकडे कोणीतरी तिची मुलाखत घेतली. गाणं कोणाकडून शिकलीस, असं विचारलं. तिने आजीचं नाव घेतलं. मग म्हणाली, ‘आनि एक आजोबा हायत. सगळे छान छान बोलत होते, त्यांनी एकट्यांनी खरं सांगितलं.’

मानसीने तो तुकडा मला दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘बघा बाबा,’ म्हणाली, ‘अजून आठवण ठेवलीय पोरीने.’

मी पुन्हा लावायला सांगितलं. मानसीला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तिने आवाज वाढवून लावलं.

प्रणालीचा नंबर माझ्याकडे आहे. गावठाणातलं तिचं घर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. मी गेलेलो नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला सांगणं सोपं होतं.